खऱ्या भावाची वही

घर दाखवायला गेलं की दलाल आधी कुलूप काढतो. तोताराम नाना आधी शेजारच्या ओट्यावर जाऊन बसत. घरमालक किल्ली हातात धरून ताटकळत उभा राही, घर बघायला आलेले नवराबायको अवघडून इकडेतिकडे बघत, आणि नाना शेजारच्या बाईला आपल्या अहिराणीत विचारत असत, "अक्का, चैतमा आडनं पानी कितलं खाले जास? आन मागलं बिऱ्हाड काब्रं गयं?"

आड उन्हाळ्यात किती आटतो आणि मागचे भाडेकरू का गेले, एवढंच त्यांना हवं असे. मालकाला ते विचारत नसत. मालक काय सांगणार ते त्यांना पाठ होतं.

मी त्या वेळी धुळ्यात रजिस्ट्रार कचेरीबाहेर दस्त लिहीत असे. कचेरीच्या भिंतीला लागून पत्र्याचं छप्पर होतं, त्याखाली आम्हां तिघा-चौघा लिहिणाऱ्यांच्या बैठका. समोर उतरतं मेज, शाईची दौत, टाक, मुद्रांकाचे कागद. खरेदीखत, गहाणखत, भाडेचिठ्ठी, वाटणीपत्र, जे येईल ते लिहायचं. स्वातंत्र्य मिळून जेमतेम वर्ष झालं असेल तेव्हा मी तिथं बसायला लागलो आणि पहिल्याच आठवड्यात नाना माझ्यासमोर येऊन उभे राहिले. उंच, खांद्यात थोडे वाकलेले, काळी टोपी, तीन खिशांचा खाकी कोट, कानाला शिसपेन्सिल. म्हणाले, "अक्षर बघू." मी एक कागद पुढे केला. त्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "वाचता येतं. उद्यापासून माझी माणसं तुमच्याकडे."

ते मूळचे दोंडाईचाकडचे, एवढंच मला ठाऊक होतं. धुळ्यात केव्हा आले, दलालीत कसे पडले, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्यांची ओळख सगळी त्यांच्या वह्यांतून होती.

धुळ्याच्या गल्ल्या नंबरानं ओळखल्या जातात. नानांकडे दर गल्लीची एक वही होती, लाल कापडी पुठ्ठ्याची, व्यापारी वापरतात तसली लांबट. दर घराला एक पान. वरती खण किती, धाबं मातीचं की वर पत्रे, दार कुठल्या दिशेला, आड गोडा की खारा. खाली एकेक ओळ: कोण राहायला आलं, केव्हा आलं, भाडं काय ठरलं, केव्हा गेलं, घर विकलं गेलं तर काय भावानं. आणि उजवीकडे एक रुंद रकाना, त्याच्यावर लिहिलेलं असे 'कारण'. घर का सुटलं, याचं कारण.

तो रकाना मी एकदा फुरसतीत वाचत बसलो होतो. बहुतेक ठिकाणी 'बदली' किंवा 'भाडं झेपेना' असं काहीतरी. मधेच एक ओळ: 'दोघे भाऊ, एक चूल मावेना.' दुसरी: 'सून नांदेना. घराचा दोष नाही.' आणि एका पानावर, बारीक अक्षरात: 'मूल गेलं. आडाला कठडा नाही. मालकाला तीनदा सांगितलं होतं.' त्या पानावर पुढच्या दोन वर्षांत एकही ओळ नव्हती. मी विचारलं तर नाना म्हणाले, "कठडा बांधेपर्यंत मी त्या घरी माणूस नेला नाही."

वही उघडल्याशिवाय ते भाव सांगत नसत. कुणी म्हणालं, नाना, माझ्या घराचे किती येतील, तर ते गल्लीची वही काढत, पाच-सहा पानं उलटत, पेन्सिलीनं कागदाच्या कपट्यावर काही मांडत आणि मग सांगत, "तुमच्या ओळीतलं तिसरं घर मागल्या दिवाळीला गेलं. त्याला आड होता, तुम्हांला नाही. चौथं गेलं, त्याचं धाबं गळत होतं, तुमचं गळत नाही. तुमचं या दोघांच्या मधलं." माणूस हिरमुसला होई. त्याच्या मनात आकडा मोठा असे. पण महिना दोन महिने इतरांकडे फिरून तो परत येई, आणि नाना त्याला 'मी म्हटलं नव्हतं का' असं चुकूनही म्हणत नसत.

भाड्यांचा हंगाम त्यांना शेतकऱ्याला पावसाचा असतो तसा ठाऊक होता. कपाशीचा हंगाम सरला की सरकी काढायच्या जिनमध्ये कामाला आलेली माणसं गावी परतत आणि नदीकडच्या गल्ल्यांत चैत्र-वैशाखात खोल्या रिकाम्या पडत. मग ज्येष्ठात शाळा उघडायच्या आणि बदलीची माणसं गावात उतरायची, की भाडी चढत. नाना घरमालकांना आधीच सांगून ठेवत, आत्ता रुपया कमी करा, नाहीतर दोन महिने कुलूप राहील. आणि बदलून येणाऱ्याला पत्र लिहीत, वैशाखातच येऊन खोली धरा. दोन्हीकडून ते माणसाचे पैसे वाचवत आणि दोन्हीकडे त्यांची दलाली थोडी घटे. ते स्वतः जन्मभर भाड्याच्या दोन खोल्यांत राहिले. घर का घेत नाही, असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, "स्वतःचं घर असलं की त्या गल्लीचा भाव मला सरळ दिसायचा नाही."

त्यांच्या बायकोला, गंगाकाकूंना, हे मुळीच पटलेलं नव्हतं. "गावाला घरं देतात, आणि आमची मोरी तीन बिऱ्हाडांत एक," असं त्या येईल त्याला ऐकवत.

एक प्रसंग मी समोर होतो म्हणून सांगतो. देशावरून सबनीस नावाचे एक मास्तर बदलून आले होते. बायको, दोन लहान मुली. त्यांना नदीकडच्या एका गल्लीत घर पसंत पडलं. तीन खण, स्वच्छ, नुकताच चुना दिलेला, आणि भाडंही कमी. मास्तर भाडेचिठ्ठी लिहून घ्यायला माझ्याकडे आले, मालकही बरोबर. मी टाक बुडवला तेवढ्यात नाना आले. त्यांना काय ठरलंय ते कळलं. त्यांनी पिशवीतून वही काढली, पान काढलं आणि मास्तरांपुढे ठेवलं.

"वाचा."

मास्तरांनी वाचलं. चार वर्षांत चार बिऱ्हाडं. चारही भाद्रपदात गेलेली.

"भाद्रपदात काय होतं?" मास्तरांनी विचारलं.

"पांझरा नदी चढली की मागच्या नाल्याचं पाणी उलटं येतं. दोन दिवस घरात राहतं. भिंत मार्गशीर्षापर्यंत वाळत नाही. तुमच्या मुलींना खोकला लागेल. आत्ता चुना आहे म्हणून दिसत नाही."

मालक लालबुंद झाला. "नाना, तुम्ही माझे दलाल का त्यांचे?"

"तुमचाच," नाना म्हणाले. "नाल्याकडून दोन हात भिंत दगडी करून घ्या. मग मीच तुम्हांला दहा वर्षांचं बिऱ्हाड आणून देतो."

चिठ्ठी तशीच राहिली. मालकानं पुढे वर्षभर नानांना नमस्कार केला नाही. मग त्यानं गुपचूप भिंत बांधली आणि नानांनी खरोखरच त्याला एक पोस्टातले कारकून आणून दिले. सबनीस मास्तरांना त्यांनी पाचव्या गल्लीत माडीवरची खोली दिली. ती दाखवताना त्यांनी मास्तरीणबाईंना चुलीच्या जागी जमिनीवर बसवलं. "बाई, मास्तर शाळेत जातील. इथं दिवसाचे सहा तास तुम्हांला बसायचंय. धूर कुठं जातो, उजेड कुठून येतो, ते बघा आणि मग हो म्हणा." बाईंनी माझ्या बायकोला हे नंतर अनेकदा सांगितलं. घर घेताना आपल्याला कुणी विचारलं, हे त्यांना नवीन होतं.

फाळणीनंतरच्या त्या दिवसांत गावात भीती होती. धुळ्यात फार काही घडलं नव्हतं, पण बाहेरच्या बातम्या येत, आणि काही मुसलमान घरं सामान बांधू लागली. पिंजाऱ्यांचा रहीमचाचा नानांकडे आला तेव्हा मी तिथं होतो. आयुष्यभर लोकांच्या गाद्यांचा कापूस पिंजलेला साठीचा माणूस. त्याच्या दाढीतही कापसाचे तंतू असत. तो म्हणाला, "नाना, जितने आएंगे उतने में दे दो. अब यहाँ क्या रहा."

त्याच्या घरावर दोघातिघांचा डोळा होता. त्यांनी आकडेही सांगून ठेवले होते. नानांनी ते ऐकून घेतले. मग त्यांनी वहीचं पान काढलं आणि चाचाला त्या ओळीतल्या मागच्या चार विक्री वाचून दाखवल्या. "हा तुमच्या घराचा भाव. हे जे तुम्हांला मिळतंय ना, तो घराचा भाव नाही. तो तुमच्या भीतीचा भाव आहे. तो मी लावणार नाही."

"मग मी काय करू?"

"कुठं जाताय?"

"मालेगाव. बहिणीकडे. पुढे बघू."

"जा. घर मी भाड्यानं लावतो. भाडं दर महिन्याला मनिऑर्डरनं येईल. वर्षानं तुमच्या मनात विकायचंच असलं, तर या भावानं विकू."

चाचा गेला. घर पाहून ठेवलेले लोक नानांवर चिडले. कुणी काही बाही बोललंही. त्याच महिन्यात तसल्या घाईच्या दोन विक्री दुसऱ्या दलालांकडून झाल्या. दस्त मीच लिहिले. नानांनी त्या वहीत धरल्या, पण मुख्य पानावर नाही. शेवटच्या कोऱ्या पानांवर वेगळ्या लिहिल्या आणि 'कारण' रकान्यात एकच शब्द: 'भ्याले'. मला म्हणाले, "मधुभाऊ, हे आकडे जर मी बाकीच्यांत मिसळले, तर उद्या सगळी गल्लीच स्वस्त दिसेल."

नऊ महिन्यांनी रहीमचाचा परत आला. मालेगावात त्याचं मन रमलं नाही. नानांनी भाडेकरूला दुसरीकडे खोली करून दिली आणि चाचाच्या हातात किल्ली ठेवली. त्या पानावर त्यांनी ओळ लिहिली: 'विकायचं नव्हतं.'

आता जे सांगायचं ते माझ्यावरही येतं.

खरेदीखतात लिहिलेला भाव आणि हातात पडलेला भाव त्या काळी क्वचितच सारखा असे. मुद्रांकाचा खर्च वाचावा म्हणून देणारा-घेणारा संगनमतानं आकडा खाली धरत. घर चार हजाराला गेलं तर दस्तात अडीच लिहायचे. वरचे पैसे माझ्या मेजासमोर, माझ्या डोळ्यांदेखत मोजले जात आणि मी अडीच लिही. सगळेच लिहिणारे लिहीत. नानांना ते आवडत नसे, पण ते अडवत नसत. सह्या झाल्या की म्हणत, "तुमचा आकडा झाला, आता मी माझा लिहितो," आणि वही काढून चार हजार लिहीत. लोक हसत. नानांचं ते एक वेड समजत.

असं सात-आठ वर्षं चाललं. मग एका रस्त्याच्या रुंदीकरणाचं निघालं. नदीकडच्या एका गल्लीची एक सबंध बाजू त्यात जाणार होती. अठरा घरं, सगळी मातीच्या धाब्याची. टांगेवाले, एक लोहार, भाजी विकणाऱ्या दोघी, आणि जनाअक्का. जनाअक्का विधवा होती, लोकांच्या घरी पापड-शेवया करून देई आणि दोन नातवंडांना वाढवी. घरांची भरपाई मिळणार होती, पण ती आजूबाजूच्या विक्रीवरून ठरणार, आणि विक्रीचा पुरावा म्हणजे नोंदलेले दस्त. म्हणजे आम्ही लिहिलेले आकडे. त्यात ती भीतीनं झालेली दोन खरेदीखतंही होती.

जनाअक्का नानांच्या ओट्यावर येऊन बसली. रडली नाही. तिनं नोटिशीचा कागद पुढे केला. "नाना, मन्हं घर जाई ऱ्हायनं. जाऊ दे, रस्ता बठ्ठासना शे. पन इतला पैसामा माले झोपडंबी भेटाव नही. या पोरेस्ले कोठे लई जाऊ?"

रस्ता सगळ्यांचा, त्याला तिची ना नव्हती; पण तेवढ्या पैशांत नातवंडांना घेऊन कुठं जायचं, एवढंच तिचं विचारणं होतं. नानांनी नोटीस वाचली. आकडा वाचला. त्या आठवड्यात ते कुणाचंही घर दाखवायला गेले नाहीत.

वह्या पुढे केल्या तर अठरा घरांना खरा भाव मिळण्याची शक्यता होती. पण त्याच वह्यांत शेजारच्या दोन गल्ल्यांत घरं घेतलेल्या व्यापाऱ्यांचे खरे आकडे होते. दस्तात अडीच आणि वहीत चार, हे शेजारी शेजारी ठेवलं की सरकारचा मुद्रांक बुडवल्याचा पुरावा आपोआप तयार होत होता. नानांचं पोट ज्यांच्यावर चालत होतं तेच ते व्यापारी. आणि दस्ताखाली लिहिणार म्हणून माझं नाव.

त्यांतल्याच एका जिनवाल्या शेटनं त्यांना पेढीवर बोलावलं. नाना मला बरोबर घेऊन गेले, का ते मला तेव्हा कळलं नाही. शेट भला माणूस होता. त्यानं चहा मागवला, नानांची प्रकृती विचारली, आणि म्हणाला, "नाना, वह्या जुन्या झाल्या. वाळवी लागते, पाण्यात भिजतात. कुणी काही विचारणार नाही."

"वाळवी लागली नाही," नाना म्हणाले.

"तुम्ही वीस वर्षं या गावात धंदा केला. आमच्या भरवशावर केला."

"हो."

"त्या गल्लीतल्या लोकांसाठी मी काही देतो. घरटी देतो. माझ्या पदरचं."

नानांनी मान हलवली. "शेटजी, तुम्ही द्याल ते तुमचं दान होईल. ते दान मागत नाहीत. त्यांच्या घराचा भाव मागतात."

परत येताना ते रस्त्यात थांबले. म्हणाले, "मधुभाऊ, तुमचं काय?"

मी म्हणालो, "मी काय सांगू, नाना."

मला खरं तर सांगायचं होतं की वही नेऊ नका. घरात आई अंथरुणाला खिळलेली, तीन पोरं, बायको पोटुशी. दस्त लिहायचा परवाना गेला असता तर मी काय केलं असतं? पण ते तोंडातून निघालं नाही आणि 'न्या' असंही निघालं नाही. नाना थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले, मग चालायला लागले.

गंगाकाकूंनी मात्र मला आश्चर्यात टाकलं. मला वाटलं होतं, त्या आकांत करतील. सुनावणीच्या सकाळी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्या नानांच्या कोटाचं बटण शिवत होत्या. म्हणाल्या, "नऊ वह्या आहेत. ओझं होईल. तुम्ही चार घ्या." मी चार घेतल्या.

सुनावणी एका मोठ्या दालनात होती. भरपाई ठरवणारे साहेब तरुण होते, सौम्य बोलणारे. गल्लीतली माणसं भिंतीला टेकून उभी. पलीकडे बाकांवर व्यापारी आणि त्यांचे वकील, त्यांच्या मागच्या बाकावर आम्ही लिहिणारे. नानांचं नाव पुकारलं. त्यांनी शपथ घेतली आणि मेजावर वह्या रचल्या.

साहेबांनी दोन-चार पानं चाळली. "हे तुम्ही स्वतः लिहिलंय?"

"हो साहेब."

"हे खरंच आहे कशावरून? आकडा कुणीही लिहील."

"साहेब, भाड्यांच्या नोंदीही त्यातच आहेत. कुठल्याही दहा घरी माणूस पाठवा. भाडेकरूला विचारा, काय देतो, केव्हा आला. दहातली एक जरी चुकली तरी वही बाजूला ठेवा."

साहेब थोडे हसले. "मी राहतो त्या घराचं काय लिहिलंय?"

नानांनी वही काढली, पान लावलं, वाचलं. भाडं, राहायला आल्याचा महिना, आधीच्या तीन बिऱ्हाडांची नावं. मग जरा थांबून म्हणाले, "मालकानं तुम्हांला आड बारमाही सांगितला असेल. तसा तो नाही. चैत्रात पाणी भरून ठेवा."

दालनात हसू उठलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी वही स्वतःकडे ओढली आणि आता ओळीवर बोट ठेवून वाचायला लागले. बराच वेळ गेला. मग त्यांनी समोरचे दस्त उघडले, एकेक आकडा वहीशी ताडून पाहिला. बाकांवर चुळबूळ सुरू झाली.

"या खरेदीखतांत भाव कमी लिहिलाय, हे तुम्हांला त्या वेळी ठाऊक होतं?"

"होतं."

"तरी गप्प राहिलात."

"राहिलो साहेब. ती माझी चूक. ती मला मान्य आहे."

"आणि दस्त लिहिणाऱ्याला ठाऊक होतं?"

मी तिसऱ्या बाकावर होतो. पैसे माझ्या मेजावर मोजले गेले होते. ते मोजले जात असताना नानांनी मला चाळीस वेळा तरी समोर बसलेलं बघितलं होतं. आत्ता उठावं आणि म्हणावं, होय, मला ठाऊक होतं, असं मनात आलं. मी उठलो नाही.

नानांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "नाही साहेब. लिहिणाऱ्याला जेवढं सांगितलं तेवढं त्यानं लिहिलं. वरचे पैसे त्याच्या माघारी दिले जात."

साहेबांनी एकवार नानांकडे पाहिलं, एकवार बाकांकडे, आणि लिहून घेतलं.

पुढे आठवडाभर चौकशी झाली. दोन विकणाऱ्यांना बोलावलं, त्यांनी शपथेवर खरा भाव कबूल केला. अठरा घरांची भरपाई वाढली. वहीतल्या भावाइतकी नाही, पण बरीच. जनाअक्कानं नदीपलीकडे देवपुरात दोन खोल्या घेतल्या. ते घर नानांनीच बघून दिलं. दलाली घेतली नाही, आणि ती देऊ लागली तर म्हणाले, "नातवाला पाटी घे." धुळ्यातला त्यांचा तो शेवटचा व्यवहार.

कारण त्यानंतर कुणी त्यांना घर विकायला दिलं नाही. व्यापाऱ्यांना चौकशीच्या नोटिसा आल्या, नानांनाही आली. त्यांनी दंड भरला. ते चहाच्या दुकानात शिरले की बोलणं थांबे. ज्या मालकांना त्यांनी वर्षानुवर्षं चांगले भाडेकरू आणून दिले ते म्हणत, या माणसाला घरात घेतलं की तो सगळं लिहून ठेवतो. गल्लीतली अठरा घरं अठरा दिशांना पांगली, त्यांना तरी कुठं वेळ होता. वह्या कचेरीतल्या फायलीला लागल्या आणि परत आल्या नाहीत. नानांनी एक अर्ज केला, दुसरा केला नाही.

मी माझ्या बैठकीवर बसत राहिलो. नाना कचेरीवरून जाताना हात वर करत, मीही करी. वर्षाच्या आत त्यांनी बिऱ्हाड मोडलं आणि दोघं जळगावला मुलीकडे गेले. जायचा दिवस मला ठाऊक होता. त्या दिवशी मी एक लांबलचक वाटणीपत्र लिहायला घेतलं होतं. ते दुसऱ्या दिवशी लिहिलं असतं तरी चाललं असतं.

तीन-चार वर्षांनी मेहुणीच्या लग्नासाठी मला जळगावला जावं लागलं. लग्न आटोपल्यावर मी पत्ता शोधत गेलो. मुलीच्या घराच्या पडवीत नाना खुर्चीवर बसले होते. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत पिकला होता. आवाजावरून ओळखलं. "मधुभाऊ! तुमची आई?" आई गेली होती, ते मी सांगितलं. गंगाकाकूही गेल्या होत्या. मुलीनं चहा आणला. आम्ही इकडचं तिकडचं बोललो. जावई चांगला आहे, केळीचा व्यापार आहे, नातू शाळेत जातो.

मी किती दिवस मनात घोळवलेलं वाक्य शेवटी बोललो. "नाना, त्या दिवशी मी उठायला हवं होतं."

ते म्हणाले, "उठला असतात तर दोघं घरी बसलो असतो. एक पुरे होता." आणि थोड्या वेळानं, हळू आवाजात, "पण शपथेवर खोटं बोललो, ते मात्र मनात राहून गेलं. रात्री आठवतं. साहेबांना कळलं असेल का हो?"

मला साहेबांची ती नजर आठवली. म्हणालो, "कळलं होतं, नाना. त्यांनी बाकांकडे बघितलं होतं. कळूनच लिहून घेतलं."

"बघितलं होतं?"

"हो. मी समोर होतो."

"मग ठीक," नाना म्हणाले. त्यांनी कप खाली ठेवायला हात पुढे केला. मुलीनं तो अलगद हातातून घेतला.

संध्याकाळच्या मोटारीनं मला परतायचं होतं. नको नको म्हणत असताना ते नातवाच्या खांद्यावर हात ठेवून स्टँडपर्यंत आले. स्टँडवर गर्दी होती, दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या होत्या, दोन्हींची इंजिनं सुरू, धुळीनं काही दिसेना. नातू पाणी प्यायला नळावर गेला. मी आत शिरलो, खिडकीपाशी जागा मिळाली. मोटार हलली तेव्हा मी डोकं बाहेर काढलं.

नातवानं जिथं उभं केलं होतं तिथंच नाना उभे होते. टोपी सरळ, कोटाची बटणं लावलेली, उजवा हात वर. पण तोंड माझ्या मोटारीकडे नव्हतं. ते शेजारच्या, चोपड्याला जाणाऱ्या मोटारीकडे बघून हात हलवत होते, आणि त्या मोटारीच्या खिडकीतली एक अनोळखी बाई, आपल्यालाच कुणी निरोप देतंय असं समजून, बावरून, हात हलवून त्यांना उत्तर देत होती. मी "नाना, इकडे!" म्हणून ओरडलो. इंजिनाच्या आवाजात ते पोचलं नाही. मोटार वळेपर्यंत मला त्यांचा हात दिसत होता, तो अजून वरच होता.